वऱ्हाडचा खंड आणि रुपेरी मोटार

नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूस आपल्या खापरपणजोबांचे नाव तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडते, ह्याचे आपल्याकडे कोणासच नवल वाटत नाही. गाव सांगावे, आडनाव सांगावे, की उपाध्ये लाल कापडात बांधलेली चोपडी सोडतात आणि चार पिढ्यांचा हिशेब समोर ठेवतात. विलायतेत अशाच वह्या मोटारींच्या ठेवलेल्या आहेत, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. नॉर्दम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात रोल्स-रॉइस मोटारींच्या शौकिनांचे एक मंडळ आहे. त्याच्या दप्तरखान्यात ह्या कंपनीने बांधलेल्या जुन्या मोटारींची टिपणे जपून ठेवली आहेत. सांगाडा कोणत्या क्रमांकाचा, तो कोणत्या दिवशी तपासून पाहिला, त्यावर बैठकीचा भाग कोणी बांधला, पहिला धनी कोण आणि मोटार कोणत्या बंदरास रवाना झाली, इतके सर्व त्यांवर नोंदलेले असते. जगाच्या पाठीवर कोठेही एखाद्या पडवीत गंजलेला सांगाडा सापडला, की शोधक त्यावरील क्रमांक घासून वाचतात आणि ह्या टिपणांशी ताडून पाहतात. क्रमांक जुळला म्हणजे त्या लोखंडाचे कुळगोत्र ठरले.

ह्या शोधात सर्वांत मान जिला मिळतो ती मोटार म्हणजे ‘सिल्व्हर घोस्ट’, मराठीत सांगायचे तर रुपेरी भूत. १९०६ साली लंडनमधील ऑलिंपिया प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे तिचे उत्पादन चालले. इंग्लंडात अशा ६,१७३ मोटारी बांधल्या गेल्या आणि अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यात १,७०३. सारे जग ध्यानी घेता हा आकडा मोठा नव्हे. तरीही स्वातंत्र्यापूर्वी ह्या कंपनीच्या निरनिराळ्या प्रकारच्या मिळून सुमारे आठशे मोटारी हिंदुस्थानात आल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांपैकी टिकल्या किती, कोठे टिकल्या आणि कोठे नामशेष झाल्या, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मोटारींपेक्षा देशाचाच इतिहास अधिक कळतो. बुलढाण्यासारख्या संस्थानिक नसलेल्या जिल्ह्याचाही त्या इतिहासाशी अगदी जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

ह्या मोटारीचा जन्म मँचेस्टरचा. हेन्री रॉइस हा गृहस्थ त्या शहराच्या ह्यूम भागातील कुक स्ट्रीटवर विजेची यंत्रे आणि याऱ्या बनवीत असे. त्याने एक फ्रेंच मोटार विकत घेतली. तिच्या खोडी त्याच्या मनास इतक्या खुपल्या की आपणच अधिक चांगली मोटार बांधावी असे त्याने ठरविले, आणि १९०४ च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली मोटार रस्त्यावर आली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात चार्ल्स रोल्स नावाच्या उमराव घराण्यातील तरुणाची आणि त्याची गाठ पडली. एकाजवळ हुन्नर होता, दुसऱ्याजवळ ओळखी आणि पैसा. ही जोडी फार काळ टिकली नाही. १९१० च्या जुलैमध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्सचा अंत झाला. दोघांची नावे मात्र कायमची जोडली गेली.

मँचेस्टरचे नाव निघाले की वऱ्हाडातील माणसास कापूस आठवणारच. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे हात पसरले. खामगावच्या बाजाराचे भाग्य त्याच सुमारास फळफळले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा वऱ्हाडातून गेला, आणि जलंबहून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा केवळ कापसाच्या गाठींकरिता बांधण्यात आला. त्याचे उद्घाटन करण्यास १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रॉइसने मोटार बांधली तेव्हा काळ पालटला होता. वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड, म्हणून लँकेशायर त्यावर फारसे खूष नसे. गाठी मुंबईच्या गिरण्यांकडे आणि जपानकडे अधिक जाऊ लागल्या होत्या. असो. कापसामुळे गजबजलेल्या ज्या शहराचे नाव खामगावच्या अडत्यांच्या तोंडी दोन पिढ्या होते, त्याच शहरात ही मोटार जन्मली.

‘रुपेरी भूत’ हे नाव आरंभी एकाच मोटारीचे होते. सांगाड्याचा क्रमांक ६०५५१ असलेल्या ह्या मोटारीस कंपनीचा व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन ह्याने चांदीसारखा रंग देवविला आणि तिच्यावर नावाची पाटी बसविली. आवाज इतका कमी की भूत निघून गेल्यासारखे वाटावे, असा त्या नावातला भाव. १९०७ साली ह्या मोटारीची विलायतेतील मोटार क्लबाच्या देखरेखीखाली पंधरा हजार मैलांची परीक्षा झाली. ६२९ व्या मैलावर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद होऊन मोटार थांबली. त्यानंतर मात्र १४,३७१ मैल ती आपण होऊन एकदाही थांबली नाही. त्या काळी मोटारीतून वीस मैल जाऊन यावयाचे तर बरोबर एक मिस्त्री आणि हत्यारांची पेटी घ्यावी लागत असे, हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या आकड्याचे महत्त्व कळणार नाही. ती मोटार पुढे खासगी धन्याकडे गेली, १९४८ साली कंपनीकडे परत आली, आणि आजही धावण्याच्या स्थितीत आहे.

विलायतेतले रस्ते गुळगुळीत, हवा थंड. हिंदुस्थानात असे यंत्र टिकेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या घाटांनी दिले, ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे. मुंबईत त्या वेळी ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था होती. १९०४ च्या डिसेंबरात तिने दिल्ली ते मुंबई अशी सुमारे ८८० मैलांची चढाओढ भरविली होती. वेग किती, हा प्रश्न त्यात गौण होता. मोटार वाटेत बंद न पडता मुक्कामास पोहोचते किंवा नाही, हेच पाहावयाचे होते. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी परीक्षा ठरली, तेव्हा रोल्स-रॉइस कंपनीने ह्याच जातीची एक मोटार मुंबई बंदरात उतरविली. तिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती. चालविणारा होता फ्रँक नॉर्बरी.

ह्या वाटेचे वर्णन श्रोत्यांना करण्याची आवश्यकता नाही, कारण मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर हा प्रवास कोणी केला नाही? परंतु १९०८ सालचा तोच रस्ता डोळ्यांपुढे आणला पाहिजे. खंडाळ्याचा बोरघाट तोफा आणि टांगे चढावेत म्हणून सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली खुला झालेला. पुढे कात्रज, पुढे खंबाटकी. रस्त्यावर डांबर नाही, खडी आणि मुरूम. समोरून बैलगाड्यांची रांग, आणि मोटारीचा आवाज ऐकताच जू टाकून शेतात धावणारे बैल. पेट्रोल डब्यांतून बरोबर न्यावयाचे. चढावर रेडिएटरमधील पाणी उकळू लागले की थांबून, विहीर शोधून, घागरीने पाणी भरावयाचे. सहा घाट आणि एकंदर ६२० मैल. पर्ल ऑफ द ईस्ट ही सारी वाट, एकदाही नाइलाजाने न थांबता, चालून गेली. कंपनीने पुढे हिंदुस्थानात जो व्यापार केला त्याचा पाया ह्या ६२० मैलांनी घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. राजवाड्यांच्या दारात उभ्या असलेल्या मोटारींची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. पण त्या मोटारींची पारख खंबाटकीच्या चढावर झाली होती.

ही परीक्षा होताच मोटार एका मराठा नरेशाने विकत घेतली. ते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. ह्या महाराजांस यंत्रांचा छंद विलक्षण होता. ग्वाल्हेर संस्थानची दोन फूट रुंदीची छोटी आगगाडी प्रसिद्धच आहे, आणि महाराज तिचे इंजिन स्वतः चालवीत. तेव्हा घाट चढून आलेले यंत्र त्यांच्या नजरेत भरावे, ह्यात आश्चर्य नाही. तो सौदा पाहून इतर संस्थानिकांचे डोळे लागले. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी ह्याच जातीच्या आठ मोटारी मागविल्या गेल्या, आणि त्यानंतर तर म्हैसूर, हैदराबाद, बडोदे, इंदूर असा क्रम लागला.

किंमतीचाही विचार केला पाहिजे. नुसत्या सांगाड्याची किंमत ९८५ पौंड होती. पौंडास पंधरा रुपये ह्या त्या वेळच्या भावाने ती १४,७७५ रुपये होते. त्यावर बैठकीचा भाग बांधण्याचा खर्च, जहाजाचे भाडे आणि जकात वेगळी. त्याच काळात वऱ्हाडातील मराठी शाळेचा मास्तर दरमहा दहा-बारा रुपयांवर काम करी. बिचाऱ्याने एक पै खर्च न करता सारा पगार शिल्लक टाकला असता, तरी सांगाडा घेण्यास त्यास शंभराहून अधिक वर्षे लागली असती. आणि मग बसावयास आसन नसतेच!

आता बुलढाण्याकडे वळू. ह्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचे माहेर. लखुजी जाधवरावांच्या घराण्याचे वैभव सतराव्या शतकात होऊन गेले. परंतु मोटारींच्या युगात जिल्ह्यात कोणीही गादीवर बसलेला राजा नव्हता. वऱ्हाडाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. मुलूख कायद्याने निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. हैदराबादच्या पलटणीच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली, ती वसूल व्हावी म्हणून १८५३ च्या तहाने इंग्रजांनी हा प्रांत आपल्या ताब्यात घेतला. सालार जंगाने तो परत मिळविण्यासाठी पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. अखेरीस १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्याकडून करार लिहून घेतला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या खंडाने राहावे आणि त्याबद्दल निजामास दरसाल २५ लाख रुपये मिळावेत, असा तो करार. शेतकरी जमीन खंडाने देतो, तसा हा सबंध प्रांत खंडाने दिला गेला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ ह्या जिल्ह्यांतील लक्षावधी लोकांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच. १९०३ साली वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताशी जोडण्यात आला. १९०५ साली अकोल्याचे खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्यास मिळाले, आणि कापसाची मोठी पेठ त्याबरोबर ह्या जिल्ह्यात आली.

ह्या २५ लाखांच्या आकड्याकडे मोटारींच्या हिशेबाने पाहण्यासारखे आहे. एका वर्षाच्या खंडात रुपेरी भुताचे जवळजवळ १७० सांगाडे विकत आले असते. निजामाने अर्थात तसे केले नाही. पण एक मोटार त्यांनी अशी मागविली की तिच्यासारखी दुसरी सापडणे कठीण. लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बैठक बांधली. रंग पिवळाधमक, छत घुमटाकार, मुलाम्याचे सोनेरी काम, आणि मागील बाजूस उंच केलेले एकट्याचे आसन. ते आसन म्हणजे चाकांवरचे तख्तच होय. मोटार मागविली मीर महबूब अली खानांनी. परंतु ती पोहोचण्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९११ रोजी, ते निवर्तले, आणि ती आली त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान ह्यांच्या दारी. केवळ समारंभाच्या वेळी ती बाहेर निघे. अनेक वर्षांत ती अवघी काही शे मैल चालली. पर्ल ऑफ द ईस्टने एका परीक्षेत जितके अंतर तोडले, तितके हिने उभ्या दरबारी आयुष्यात तोडले की नाही ह्याचा संशय आहे.

वऱ्हाडच्या खंडातूनच ही मोटार घेतली गेली असे कोणी म्हणणार नाही. खजिना एकच, त्यातला कोणता रुपया कोठून आला हे रुपयावर लिहिलेले नसते. तथापि खजिन्यात येणाऱ्या मोठ्या रकमांपैकी एक रक्कम खामगाव-मलकापूरच्या काळ्या जमिनीवर उभी होती, हे नाकारता येत नाही. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात जाऊन ही पिवळी मोटार पाहिली, तर तो परक्याची वस्तू पाहत नाही. निजामांचा वऱ्हाडावरील हक्काचा आग्रह पुढेही चालूच राहिला. १९२३ साली उस्मान अली खानांनी प्रांत परत मागितला. १९२६ साली लॉर्ड रीडिंगने त्यांस कडक शब्दांत नकार दिला. १९३६ साली मात्र समजूत घालण्यासाठी निजामाच्या वडील पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात इंग्रजांच्या निशाणाबरोबर निजामाचे निशाण लावण्याची मोकळीक झाली. किताब वऱ्हाडचा, वास्तव्य हैदराबादचे!

ह्या मोटारीचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात सामील झाले. १९६७ साली उस्मान अली खान वारले आणि त्यांच्या मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षे चालले. तख्ताची मोटार धूळ खात पडली. चाके बसली, कातडे फाटले. चौमहल्ला वाड्याची डागडुजी हाती घेण्यात आली तेव्हा हिच्याकडेही लक्ष गेले आणि तज्ज्ञांकरवी ती पुन्हा उभी करण्यात आली. ती वाचली ह्याचे कारण, कौतुकापेक्षा दुर्लक्ष अधिक, असे म्हणावे लागते. कोणी तिला रोज वापरली नाही, आणि कोणी ती विकावयास मोकळाही नव्हता.

जुन्या मोटारींच्या शोधातले रहस्य नेमके येथे आहे. वस्तू चांगली म्हणून टिकते, हा भ्रम होय. जेथे मोठा तबेला असतो, जागेची टंचाई नसते, आणि जुने काढून टाकण्याची कोणास घाई नसते, तेथे ती टिकते. राजवाड्यात ह्या तिन्ही गोष्टी असत. म्हणून दक्षिणेतल्या, माळव्यातल्या, गुजरातेतल्या संस्थानांतून जुन्या मोटारी सापडतात. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या स्वारीत निघते. ती जर्मन आहे, विलायती नव्हे, पण दृष्टान्त तोच. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासमोर २०२३ च्या जानेवारीत देशभरच्या जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. तेथे जमलेल्या पुष्कळ मोटारींचा मूळ पत्ता कोणत्या ना कोणत्या संस्थानाचा निघतो.

वऱ्हाडात ह्याच्या उलट. येथे धनिक होते, नाही असे नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कारखानदार, अडते, मालगुजारीवजा जमिनी असलेले देशमुख, वकील. त्यांच्याकडे मोटारी येऊ लागल्या त्या कामाकरिता. मलकापूर स्टेशनावर उतरून बुलढाण्यास जावयाचे तर मोताळ्यावरून राजूर घाट चढून सुमारे अठ्ठावीस मैलांची मजल. कज्ज्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या पक्षकारास दमणीत बसून हा प्रवास किती जड जाई, हे सांगावयास नको. मोटारीने ती वाट दोन-तीन तासांवर आणली. पण कामाची मोटार कामातच झिजते. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात आसापर्यंत चढतो, उन्हाळ्यात रबर तडकते. मोटार जुनी झाली की मागचा भाग कापून तिचा ठेला करावयाचा, तोही मोडकळीस आला की इंजिन काढून पिठाच्या चक्कीस किंवा विहिरीवरील पंपास जोडावयाचे आणि सांगाडा लोहाराच्या अंगणात टाकावयाचा. व्यापाऱ्याचे शहाणपण ते हेच. त्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्या हिशेबी बुद्धीने खामगावची पेठ वाढली, त्याच बुद्धीने जुनी मोटार भंगारात घातली.

त्यात दुसऱ्या महायुद्धाची भर पडली. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले. मोटारीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बांधून त्या धुरावर गाड्या चालविण्याचे दिवस ते. सहा मोठ्या सिलिंडरांची, सात लिटरांहून अधिक पोटाची विलायती मोटार चालविणे म्हणजे हत्ती पोसणेच होते, आणि लोखंडास भाव आला होता. विलायतेतही ह्यापेक्षा निराळे घडले नाही. कित्येक रुपेरी भुते तेथे शववाहिका झाली, कित्येकांच्या पाठीवर यारी बसवून बंद पडलेल्या मोटारी ओढण्याचे काम त्यांजकडून घेतले गेले.

संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर राजवाड्यांतील मोटारींनाही दिवस फिरले. १९४८ साली ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात गेले, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर आणि मे महिन्यात बडोदे मुंबई इलाख्यात आले. तनखे उरले, तेही १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपले. नोकर कमी झाले, तबेले भाड्याने गेले. ह्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशी दलाल गावोगाव फिरत आणि मिळेल त्या भावाने मोटारी खरेदी करून जहाजावर चढवीत. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ सालची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही प्रसिद्ध रोल्स-रॉइस १९६८ साली अशीच विलायतेस गेली. चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच घराण्याने ती पुन्हा विकत घेऊन घरी आणली. किती मोबदला दिला असेल ह्याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. पुढे १९७० च्या दशकात जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यास सरकारने बंदी घातली. तोपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेले होते.

येथे एका आख्यायिकेचा समाचार घेणे प्राप्त आहे. अमुक महाराजांचा लंडनच्या दुकानात अपमान झाला, त्यांनी रागाने रोल्स-रॉइस मोटारी विकत घेऊन त्यांस झाडू बांधले आणि शहराचा कचरा वाहविला, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असेल. ती कधी अलवरच्या नावावर सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या, तर कधी खुद्द निजामाच्या. चार घरचा एकच नवरा असावा तशी ही कथा आहे. विश्वसनीय पुरावा एकीलाही नाही. गोष्ट गोड आहे, पराधीन देशाच्या मनाला सुखविणारी आहे, आणि म्हणूनच ती पसरली. इतिहास म्हणून तिला थारा देऊ नये. तिच्यामुळे दोष असा झाला की खंबाटकी चढून गेलेल्या मोटारीची खरी हकीकत लोक विसरले आणि झाडूची खोटी तेवढी लक्षात राहिली.

शोध घेणाऱ्यांची रीतही सांगण्यासारखी आहे. नंबराच्या पाटीवर त्यांचा भरवसा नसतो. मोटार एका प्रांतातून दुसऱ्यात गेली की पाटी बदलते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तर मोटार जागची न हलताही प्रांत बदलत गेले. मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. आज जिल्ह्याच्या वाहनांवर ‘एमएच २८’ ही अक्षरे असतात. त्यांवरून ऐंशी वर्षांपूर्वीचा माग लागणे शक्य नाही. बैठकीच्या भागावरही विसंबता येत नाही, कारण मोटार बांधणारी कंपनी फक्त सांगाडा आणि यंत्र देई. वरचा भाग बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली असे गाडी बांधणारे निराळे कारागीर बनवीत, आणि हौशी धनी तो दोन-दोन वेळा बदलून घेत. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक तेवढा खरा. इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही टिपणाशी जुळले तर सोन्याहून पिवळे.

क्रमांक नसेल तर घरातील जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात. लग्नाच्या वरातीचे, गणपतीच्या मिरवणुकीचे, नव्या जिनिंग कारखान्याच्या मुहूर्ताचे छायाचित्र असते आणि कडेला मोटारीचे अर्धे तोंड दिसत असते. रेडिएटर देवळाच्या दर्शनी भागासारखा, सपाट आणि उभ्या रेघांचा असेल तर रोल्स-रॉइस असण्याचा संभव. त्यावर पंख पसरून पुढे झुकलेली स्त्रीमूर्ती असेल तर ती चार्ल्स साइक्स ह्या शिल्पकाराची कृती, आणि ती १९११ पासूनची. पुढील दिवे मोठे, पितळेचे, आणि त्यांना रबरी नळी जोडलेली असेल तर ते कार्बाइडचे, म्हणजे विजेच्या दिव्यांपूर्वीचे. रेडिएटरवरील दोन अक्षरे लाल की काळी, हेही शोधक पाहतात, कारण १९३३ च्या सुमारास लाल अक्षरे जाऊन काळी आली. रॉइस त्याच वर्षी वारला म्हणून सुतकाचा काळा रंग आला, असे सांगतात, पण तो बदल त्याच्या मृत्यूपूर्वीच ठरलेला होता.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ह्या जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि सांगाडा, बैठक व यंत्र ह्यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन असेल, तर त्यास ‘व्हीए’ ही दोन अक्षरे असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, पुढील नूतनीकरणाची पाच हजार. असे वाहन रोजच्या कामास वापरावयाचे नाही. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, आणि पेट्रोल भरणे वा दुरुस्ती, एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणावयाचे. ह्या नियमाने एक मोठी सोय झाली. आजवर कागद हरवलेली जुनी मोटार म्हणजे घरात कटकट असे, ती सांभाळण्यापेक्षा भंगारवाल्यास देणे बरे वाटे. आता तिला स्वतःची कायदेशीर ओळख मिळू शकते.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव येथे कापसाच्या पेठेच्या भरभराटीत बांधलेले वाडे आणि कारखान्यांची आवारे आहेत. त्यांतील कित्येक आता पाडली जात आहेत, जागेवर दुकाने उठत आहेत. एखादे आवार रिकामे करताना लोखंडी सांगाडा, पितळी दिवा, लाकडी आऱ्यांचे चाक किंवा क्रमांक ठोकलेली पट्टी हाती लागली, तर वजनकाट्यावर चढविण्यापूर्वी त्यावरील गंज चिंध्या आणि रॉकेलने पुसावा आणि आकडे कागदावर उतरून घ्यावेत. सांगाड्याचा क्रमांक बहुधा मोटारीच्या पुढील बाजूस, इंजिनामागील आडव्या फळीवरच्या पट्टीवर किंवा सांगाड्याच्या तुळईवर ठोकलेला असतो. मोटार रोल्स-रॉइस असेल तर पॉलर्सपरीच्या वहीत त्या क्रमांकापुढे पहिल्या धन्याचे नाव आणि बंदराचे नाव लिहिलेले असेल.